खरवडीचा मान

शुक्रवार, १३ ऑक्टोबर

आज नगरपालिकेत नवागतांची संध्याकाळ झाली. वर्षभरात बुर्गडोर्फला राहायला आलेल्यांना पालिका एक ग्लास पांढरी वाईन, चीजचे तुकडे आणि माझं भाषण देते. तिन्ही फुकट. भाषणाचा विषय 'स्वित्झर्लंडमध्ये राहताना'. माझं हे दहावं वर्ष.

भाषण चांगलं झालं. चांगलं म्हणजे नक्की काय, हे घरी येताना स्वतःला विचारलं. वीस मिनिटांचं भाषण पन्नास मिनिटं चाललं आणि कोणी उठून गेलं नाही. दार माझ्या पाठीमागे होतं, हा मुद्दा विचारात घेऊनही चांगलंच म्हणावं लागेल.

यंदा शेजाऱ्यांविषयीचा भाग वाढवला. रविवारी बाटल्या टाकायला जायचं नाही, डब्यात काच फुटल्याचा आवाज होतो. धुण्याच्या खोलीतून निघताना मशीनच्या जाळीतला कचरा काढायचा. कोणाला 'तू' म्हणायची घाई करायची नाही, वयाने मोठ्या माणसाने ते आधी सुचवायचं असतं. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, घरी पार्टी असेल तर ज्या शेजाऱ्यांना बोलावलेलं नाही, त्यांना आधी स्वतः जाऊन सांगायचं की आवाज होईल, सांभाळून घ्या. ज्यांना बोलावलंय त्यांना सांगायचं नसतं. ते आवाज करणाऱ्यांतच असतात. या वाक्यावर हशा अपेक्षित होता. एका बाईंनी ते लिहून घेतलं.

त्या बाई म्हणजे इमके होल्टकांप. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या. इथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट आहेत आणि सप्टेंबरपासून आमच्याच इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावर राहतात. कार्यक्रमानंतर जवळ येऊन म्हणाल्या, एबरहार्ट साहेब, भाषण फार लांबलं, पण उपयोगी होतं. जर्मन माणसं असंच तोंडावर बोलतात. मी राग मानला नाही. उलट वाटलं, इथे काम करायला वाव आहे.

संकल्प: होल्टकांपबाईंना मार्गदर्शन करायचं, पण न बोचता.

शनिवार, १४ ऑक्टोबर

सकाळी बेकरीत होल्टकांपबाई माझ्या पुढे रांगेत. मला एक वेणीचा पाव द्या, असं थेट म्हणाल्या. दुकानदार बाईंचा चेहरा पाहवेना. बाहेर आल्यावर मी समजावलं की इथे आपण म्हणतो, जमत असेल तर मला एखादा वेणीचा पाव मिळू शकेल का. त्या म्हणाल्या, पण त्या बाई समोर पाच पाव घेऊन उभ्या असताना का जमणार नाही? मी म्हणालो, प्रश्न पावाचा नाही. त्या म्हणाल्या, मग कशाचा आहे? यावर विचार करायला हवा.

बोचलं नसावं. निदान त्या हसल्या.

रविवार, २९ ऑक्टोबर

मार्गदर्शन उत्तम चाललं आहे. त्या सगळ्यांना जिन्यात नावानिशी नमस्कार करतात, पण ग्रीत्सी म्हणतात. आमच्याकडे ग्रुएसेख म्हणतात, ग्रीत्सी नव्हे, हे मी दुरुस्त केलं. तळमजल्यावरचे त्सबिंडेन साहेब तिथेच उभे होते. ते म्हणाले, राहू द्या हो, कानाला गोड लागतं. वय एक्याऐंशी. ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांना फरक कळत नसावा.

इमारतीत आम्ही सहा जण. त्सबिंडेन साहेब, आयुष्यभर रेल्वेत तिकीट तपासनीस होते, पत्नी गेल्यापासून एकटे. पहिल्या मजल्यावर बोसार्ट पतिपत्नी, दोघं शाळेत शिक्षक. दुसऱ्यावर मी. तिसऱ्यावर होल्टकांपबाई. चौथ्यावर रूएगसेगरबाई, त्यांचं औषधाचं दुकान आहे. अकरा वर्षांत आमच्यात एकही भांडण झालेलं नाही. जर्मनीत असं असतं का, असं मी होल्टकांपबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, तिथे लोक भांडतात आणि मग जेवायला बसतात. मला त्यांची दया आली.

शनिवार, ४ नोव्हेंबर

आज सगळ्यांना फॉन्ड्यूचं आमंत्रण दिलं. डिसेंबरचा पहिला शनिवार, माझ्याकडे, नेहमीप्रमाणे. यंदा दहावा. ही प्रथा मी सुरू केली. त्याआधी या इमारतीत लोक एकमेकांना फक्त धुण्याच्या खोलीत भेटत.

होल्टकांपबाईंना नियम थोडक्यात सांगितले. चीज दोन प्रकारचं. निम्मं ग्रुयेर, निम्मं वाशरँ. भांड्याला आतून लसूण चोळायचा, चीज त्यात वितळवायचं आणि काट्याला टोचलेला पाव बुडवून खायचा. चमचा इंग्रजी आठाच्या आकारात फिरवायचा, गोल नव्हे. सोबत पांढरी वाईन किंवा गरम चहा, पाणी अजिबात नाही, पोटात चीजचा गोळा होतो. काट्यावरून पाव भांड्यात पडला तर शिक्षा म्हणून उभं राहून गुराख्यांचं गाणं म्हणायचं, दोन्ही कडवी. आणि शेवटी तळाला जी खरपूस खरवड राहते, तो सर्वांत मानाचा घास.

त्यांनी विचारलं, तो कोणाला मिळतो? मी सांगितलं, यजमान ठरवतो. त्यांनी विचारलं, म्हणजे तुम्ही? मी म्हणालो, हो. त्यांनी विचारलं, आणि तुम्ही कोणाला देता? मी सांगितलं की पहिल्या वर्षी मी सगळ्यांना विचारलं होतं, आणि सगळे म्हणाले की तुम्हीच घ्या. तेव्हापासून मीच घेतो. दर वर्षी पुन्हा विचारणं म्हणजे लोकांवर दबाव आणणं.

बाई जिना चढून वर गेल्या. समजलं असावं.

बुधवार, ८ नोव्हेंबर

रूएगसेगरबाईंना त्या शनिवारी दुकानात रात्रपाळी आहे. जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, काय करणार साहेब, आजारी माणसं वार बघत नाहीत. फार वाईट वाटत होतं त्यांना. खाली बघत होत्या.

शुक्रवार, १० नोव्हेंबर

बोसार्ट पतिपत्नी त्या दिवशी डोंगरात जाणार. बर्फ असेल का, विचारलं. नवरा म्हणाला असेल. बायको त्याच क्षणी म्हणाली नसेल, पण हवा छान असते. दोघांमध्ये काही बिनसलं आहे का? मधे पडू नये.

रविवार, १२ नोव्हेंबर

त्सबिंडेन साहेबांना डॉक्टरांनी चीज बंद केलं आहे. अगदी पूर्ण, म्हणाले. वासही नको.

तीन नकार. मन जरा खट्टू झालं. कॉफी घेऊन शांतपणे विचार केला. माझं काही चुकलं का? गेल्या वर्षीची संध्याकाळ पहिल्यापासून आठवून पाहिली. पाव एक दिवस शिळा होता, पण तसाच हवा असतो. चीजच्या इतिहासावर बोललो, पण गेल्या वर्षी फक्त सतराव्या शतकापर्यंतच. त्सबिंडेन साहेबांचा पाव भांड्यात पडला तेव्हा त्यांनी गाणं म्हटलं. दुसऱ्या कडव्यात अडखळले, मी थांबलो, त्यांनी पुन्हा सुरुवात केली. वयामुळे त्यांना सूट दिली असती तर त्यांचाच अपमान झाला असता. सगळं नियमाने झालं होतं.

चूक सापडली नाही. प्रामाणिकपणे शोधली.

बुधवार, १५ नोव्हेंबर

उलगडा झाला.

संध्याकाळी होल्टकांपबाई जिन्यात थांबल्या आणि विचारू लागल्या, फॉन्ड्यूला माणशी चीज किती धरायचं? मी म्हणालो, दोनशे ग्रॅम. मग पाच जणांना एक किलो, असं त्या स्वतःशीच पुटपुटल्या. पुढे म्हणाल्या, तुमच्याकडचं ते मोठं लाल भांडं पंचवीस तारखेला मिळेल का? म्हणजे, जमत असेल तर मला ते एखादे वेळी मिळू शकेल का? शिकवणीचा हा परिणाम बघून गहिवरून आलं.

घरात येऊन बसलो आणि एकेक दुवा जुळत गेला. दहावं वर्ष. तिघांचे एकदम नकार. रूएगसेगरबाईंचं खाली बघणं. बोसार्टांना एकमेकांचं उत्तर ठाऊक नसणं. लोक माझ्या फॉन्ड्यूला येणार नाहीत, कारण त्यांनी आठवडाभर आधी माझ्यासाठी फॉन्ड्यू ठेवला आहे. लागोपाठ दोन शनिवारी इतकं चीज कोणाच्याच पोटाला झेपणार नाही. किती विचारी माणसं.

पाच जण हा हिशेब मात्र चुकलाय. आम्ही सहा आहोत. नवीन माणूस मोजताना स्वतःला विसरतो. सांगून टाकावं असं वाटलं, पण मग त्यांचं गुपित फुटलं असतं.

शनिवार, १८ नोव्हेंबर

भांडं दिलं. आतून पुन्हा एकदा घासून दिलं. बाई म्हणाल्या, तुम्ही खरंच चांगले आहात हो. डोळ्यात डोळे घालून म्हणाल्या. मी म्हणालो, पंचवीसला मी घरीच आहे. त्या म्हणाल्या, अच्छा. मी म्हणालो, पूर्ण संध्याकाळ. त्या म्हणाल्या, बरं आहे मग.

भाषणाचा मसुदा तयार करतोय. आभाराचं. छोटंच. चीजचा इतिहास घेणार नाही, किंवा घेतलाच तर फक्त शेवटची शंभर वर्षं.

आणखी एक ठरवलं. त्या दिवशी होल्टकांपबाईंना 'तू' म्हणायचं सुचवायचं. खरं तर दोन वर्षं थांबायचा माझा रिवाज आहे. इमारतीत अजून कोणाशीच मी तिथवर आलेलो नाही, कारण योग्य क्षण आला नाही. पण प्रसंग बघून अपवाद करावा. मी त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तेव्हा सुचवायचा अधिकार माझाच.

गुरुवार, २३ नोव्हेंबर

सातला बेल वाजली. दारात होल्टकांपबाई. आमंत्रण द्यायला आल्या असं वाटून मी चकित चेहरा तयार ठेवला.

त्या म्हणाल्या, एबरहार्ट साहेब, शनिवारी माझ्याकडे पार्टी आहे, थोडा आवाज होईल, सांभाळून घ्या.

मी म्हणालो, अवश्य. त्या तिथेच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुम्ही भाषणात सांगितलं होतं म्हणून आले. बाकीचे म्हणत होते की कशाला सांगतेस, पण मला ते बरोबर वाटलं नाही. मी म्हणालो, अगदी बरोबर केलंत. दार लावलं.

मग बराच वेळ पॅसेजमध्ये उभा होतो. नियम माझाच. ज्यांना बोलावलेलं नाही, त्यांना सांगायचं.

उशिरा. शांतपणे विचार केला. गुपित ठेवायचं तर नेमकं हेच करायला हवं. मला संशय येऊ नये म्हणून माझ्याच नियमाचा उपयोग केला. हे होल्टकांपबाईंना सुचणं कठीण आहे, त्यांना खोटं बोलता येत नाही. डोकं रूएगसेगरबाईंचं असणार. पत्तेसुद्धा त्या असेच खेळतात, असं मी ऐकून आहे.

शनिवार, २५ नोव्हेंबर, सकाळ

शर्टाला इस्त्री केली. फेंदां वाईनची बाटली फ्रिजमध्ये. केस कापून घ्यायला हवे होते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

जिन्यात पावलं. दार किंचित उघडं ठेवून बसलोय, म्हणजे घ्यायला आले की त्यांना बेल वाजवावी लागणार नाही. बोसार्ट दोघं वर गेले. त्सबिंडेन साहेब वर गेले, कठड्याला धरून, मध्ये दोनदा थांबत. माझ्या दारासमोर आवाज न करता गेले. गुपित सांभाळणं या वयात सोपं नाही. रूएगसेगरबाई वरून खाली आल्या. रात्रपाळी पुढच्या शनिवारी आहे असं त्या म्हणाल्या होत्या, हे आत्ता आठवलं.

चीजचा वास येतो आहे. लसूण जास्त झालाय.

थोड्या वेळाने

अजून कोणी आलं नाही. तयारी चालू असेल.

आणखी थोड्या वेळाने

वर हसताहेत. त्सबिंडेन साहेबांचा आवाज खणखणीत. म्हणाले, अगं इमके, पाणी दे गं जरा, घसा सुकला. ती म्हणाली, घ्या आजोबा. आणि बोसार्ट म्हणाला, मलाही ओत, पण जपून, हे आजोबा अजून तिकीट तपासतात.

अगं इमके. दोन महिन्यांत. मला अकरा वर्षं साहेब.

आणि फॉन्ड्यूबरोबर पाणी.

रविवार, २६ नोव्हेंबर

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहून काढतो, म्हणजे मला माझ्या बाजूने न्याय करता येईल.

साडेआठ वाजले तरी कोणी आलं नाही. मग मी विचार केला, कदाचित मी वर यायचीच ते वाट बघत असतील. भांड्याखालच्या शेगडीचं जळण माझ्याकडेच राहिलं होतं. तो डबा आणि बाटली घेऊन वर गेलो. बेल वाजवली.

आत एकदम शांतता. इतकी की माझ्या हातातली बाटली गार आहे हे मला जाणवलं.

दार रूएगसेगरबाईंनी उघडलं. म्हणाल्या, अरे, एबरहार्ट साहेब. फार आवाज होतोय का? आम्ही कमी करतो हं. आतून होल्टकांपबाई म्हणाल्या, अगं पण मी सांगितलं होतं त्यांना गुरुवारी.

मला काय म्हणायचं होतं ते मला ठाऊक होतं. भाषण खिशात होतं. मी म्हणालो, नाही, नाही, थोडासा, फक्त थोडासा.

रूएगसेगरबाई म्हणाल्या, माफ करा. मी म्हणालो, दहापर्यंत चालतं. त्या म्हणाल्या, नाही, आता कमीच करतो. त्यांच्या खांद्यावरून टेबल दिसलं. लाल भांडं मध्ये. त्सबिंडेन साहेबांच्या बशीत खरवड. एका बाजूने चावलेली. त्यांनी मला बघून बशीवर हात ठेवला.

खाली आलो. त्यानंतर वरून एक शब्दही आला नाही. काट्यांचा आवाज तेवढा येत होता, तोही जपून.

आज सकाळी भांडं दारात होतं. लखलखीत. तळाला डागसुद्धा नाही.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

धुण्याच्या खोलीत होल्टकांपबाई. मी ठरवलं होतं की फक्त ग्रुएसेख म्हणायचं आणि जाळी तपासायची. जाळी स्वच्छ होती.

त्या म्हणाल्या, तुम्ही शनिवारी आवाजासाठी आला नव्हतात. बाटली होती हातात. मी नंतर बाकीच्यांना तसं म्हणाले.

मी म्हणालो, बाटली नेहमीच असते. हे खरं नाही. लिहून ठेवतो.

त्या म्हणाल्या, मी विचारलं होतं त्यांना, साहेबांना का नाही बोलवायचं? तर म्हणाले, तो आजोबांना गाणं म्हणायला लावतो. हात कापतो हो त्यांचा, पाव पडणारच. गेल्या वर्षी दुसरं कडवं आठवेना तर तुम्ही त्यांना पहिल्यापासून म्हणायला लावलंत. ते रडले घरी जाऊन. त्यांच्या बायकोचं गाणं होतं म्हणे ते. आणि खरवड दर वर्षी तुम्हीच खाता.

मी म्हणालो, हे मला आजवर कोणी सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, इथे सांगत नाहीत ना. तुम्हीच शिकवलंत मला.

मशीन तीन मिनिटांत थांबणार होतं. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत होतो.

मग त्या म्हणाल्या, तुमच्या शनिवारी मी आले असते, पण माझी ड्यूटी आहे. खरंच आहे. मी म्हणालो, त्याची कल्पना आहे. कल्पना नव्हती.

बुधवार, २९ नोव्हेंबर

झोप लागली नाही. सगळ्या बाजूंनी विचार केला. विश्वासघात हा शब्द मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही. माझी प्रथा, माझं भांडं, माझं प्रमाण, एवढंच नव्हे, मला बाहेर ठेवण्याचा नियमसुद्धा माझाच.

पण दुसरी बाजूही तपासायला हवी. ते गाणं त्यांच्या पत्नीचं होतं हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर सूट दिली असती का? प्रामाणिक उत्तर: एक कडवं माफ केलं असतं.

संकल्प: पुढच्या वर्षी नियम बदलायचा. सत्तरीच्या पुढे फक्त पहिलं कडवं. हे सर्वांना कळवायचं. कसं कळवायचं, यावर विचार करायला हवा.

शनिवार, २ डिसेंबर

आमंत्रण दिलेलं होतं, ते मी मागे घेतलं नव्हतं. म्हणून सहा जणांचं टेबल मांडलं. कोणाचं मन बदललं तर.

औषधाचं दुकान बंद होतं. अंधार पडल्यावर तिथून गेलो होतो, कारण नसताना. बोसार्टांच्या खिडकीत दिवा होता. डोंगरात हवा वाईट असणार.

फॉन्ड्यू केला. निम्मं ग्रुयेर, निम्मं वाशरँ. आठाच्या आकारात ढवळलं. मोठ्या भांड्यात एकट्यापुरतं चीज तळाला दिसेनासंच होतं, म्हणून एक किलो घातलं. पाणी प्यायलो नाही.

तिसऱ्या घासाला पाव पडला. काट्यावर नीट बसवला होता. कोणी पाहिलं नाही. पण नियम यजमानालाही आहे, नाहीतर तो नियम कसला. उभा राहिलो. पहिलं कडवं म्हटलं, हळू आवाजात. मग कळलं की दुसरं कडवं मला येतच नाही. नऊ वर्षं मी ते फक्त दुसऱ्यांकडून ऐकत आलो होतो. पुन्हा पहिल्यापासून म्हणून पाहिलं. तिथेच अडलं.

खरवड मात्र सुरेख निघाली. एकसंध, सोनेरी, भाकरीएवढी. बशीत काढली. बशी घेऊन खाली तळमजल्यावर गेलो. त्सबिंडेन साहेबांच्या दारामागे रेडिओ चालू होता. बेलवर बोट ठेवलं. तेवढ्यात आठवलं, डॉक्टरांनी त्यांना चीज बंद केलं आहे, अगदी पूर्ण, वासही नको, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. मी बेल वाजवली असती तर त्यांना खोटं पडावं लागलं असतं. शेजाऱ्याला तसं करू नये.

परत वर आलो. जिन्यात खरवड गार झाली आणि वातड. खाल्ली. सगळी.